गोठ्यातला आजार दवाखान्यात पोहोचेपर्यंत

सूक्ष्मदर्शी

गेली सोळा वर्षं मी एका हॉस्पिटलच्या सूक्ष्मजीवशास्त्र लॅबमध्ये काम करते. रक्त, थुंकी, पू, जे येईल ते कल्चरला लावायचं आणि काय उगवतंय ते बघायचं. हा धागा काढायला कारण झाली ती रक्ताची एक बाटली.

एका रुग्णाचं रक्त तिसऱ्यांदा आमच्याकडे आलं होतं. दीड महिना ताप. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, कंबर धरलेली. मलेरिया नाही, विषमज्वर नाही, क्षयाच्या तपासण्याही निगेटिव्ह. प्रतिजैविकांचे दोन कोर्स होऊन गेलेले. पाचव्या दिवशी मशीननं बाटली पॉझिटिव्ह दाखवली. स्लाइड रंगवली तर काचेवर बारीक वाळू सांडावी तसे फिकट गुलाबी कण. आमच्या मॅडमनी डोळा लावला आणि लगेच म्हणाल्या, "बाटली आधी सेफ्टी कॅबिनेटमध्ये ठेव. आणि वॉर्डात फोन करून विचार, हा माणूस जनावरांत असतो का."

असायचा. ताप सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी एका गाभडलेल्या गाईची अडकलेली वार काढायला त्यानं हात लावला होता, हातमोज्यांशिवाय. कल्चरमध्ये ब्रुसेला निघाला. गाईंमध्ये या रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन सहा आठवडे दिलं आणि माणूस बरा झाला.

मला झोप लागू दिली नाही ती पुढची गोष्ट. त्या गाईच्या रक्ताचा नमुना पशुवैद्यांनी आधीच तपासायला पाठवला होता आणि तो पॉझिटिव्ह आलेला होता. म्हणजे आम्ही अंधारात चाचपडत होतो तेव्हा उत्तर दुसऱ्या एका लॅबच्या फायलीत पडून होतं. रुग्णाला पाच डॉक्टरांनी तपासलं. प्रवास विचारला, औषधं विचारली, घरात कुणाला क्षय आहे का विचारलं. जनावरांचं कुणीच विचारलं नाही. आमच्या तपासणीच्या फॉर्मवर तो रकानाच नाही.

तेव्हापासून माणसांचं आणि प्राण्यांचं आरोग्य जिथे एकमेकांना भिडतं तिथलं नवं संशोधन मी शोधून शोधून वाचते आहे. सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते अमेरिकेतल्या गाईंच्या बर्ड फ्लूनं. २०२४ च्या सुरुवातीला टेक्ससमधल्या मोठ्या डेअऱ्यांत गाईंचं दूध एकाएकी उतरू लागलं. चारा कमी झाला, दूध चिकासारखं घट्ट आणि पिवळसर. नेहमीचे रोग तपासून झाले, काही सापडेना. मग गोठ्यातली मांजरं मरायला लागली. आजारी गाईंचं कच्चं दूध ती प्यायली होती. आंधळी झाली, तोल जाऊ लागला. एका डेअरीत चोवीस मांजरांपैकी निम्म्याहून जास्त गेली. गाई आणि मांजरं दोन्हींचे नमुने तपासले तेव्हा एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला, आणि २५ मार्च २०२४ ला ते जाहीर झालं. एका आठवड्यात तिथल्या एका डेअरी कामगाराचे डोळे लाल झाल्याची आणि त्यालाही तोच विषाणू असल्याची बातमी आली.

मांजराच्या मरणाकडे कुणीतरी नीट पाहिलं म्हणून हे कळलं. इथे पशुवैद्य आहेत, डॉक्टर आहेत, नुसतं कुतूहल असणारेही आहेत. तुमच्या वाचनात आणि कामात असं काय आलं ते लिहा.

कडबा

ताई, पशुवैद्य म्हणून बावीस वर्षं झाली. तुमची बाटलीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला, कारण त्या बाटलीच्या पलीकडच्या बाजूला मी कितीदा तरी होतो. गाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की मी मालकाला सांगतो, गाय वेगळी करायला लावतो, जमीन निर्जंतुक करायला सांगतो. पण "गेल्या महिन्यात हिला कुणी कुणी हात लावला, त्यांना ताप आहे का" हे विचारून तो कागद माणसांच्या डॉक्टरकडे पाठवायची वाट मला कुणी दाखवली नाही, आणि मीही शोधली नाही.

गाईंच्या फ्लूबद्दल थोडं. फ्लू म्हटलं की आम्ही नाक आणि फुप्फुस बघतो. इथे विषाणू बसला होता कासेत. पेशीवर ज्या साखरेला पकडून फ्लूचा विषाणू आत शिरतो तिचे दोन मुख्य प्रकार आहेत, एक पक्ष्यांच्या फ्लूला आवडणारा, दुसरा माणसांच्या फ्लूला. गाईच्या कासेत हे दोन्ही प्रकार सापडले. श्वासनलिकेतला नमुना जवळजवळ कोरा आणि दुधात विषाणूचा पूर, असं चित्र होतं. मग पसरला कसा? धारा काढायच्या मशीनचे कप एका गाईच्या सडांवरून निघून दुसरीच्या सडांवर बसतात. आत दुधाचे थेंब राहतात. धार काढणाऱ्याचा चेहरा बरोबर त्याच उंचीवर असतो आणि दूध डोळ्यांत उडतं. कामगारांचे डोळे का आले हे समजायला गोठ्यात उभं राहिलेला माणूस लागतो.

दूध नीट तापवलं, म्हणजे पाश्चरायझेशन केलं, की हा विषाणू मरतो. धोका आहे तो कच्च्या दुधात.

आणखी एक अभ्यास आमच्या व्यवसायाला लागू म्हणून मनात राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या गाईंच्या १५० डॉक्टरांचं रक्त तपासलं. तिघांच्या रक्तात अलीकडे एच५ची लागण होऊन गेल्याच्या प्रतिपिंडांच्या खुणा होत्या. तिघांपैकी एकालाही आपण बाधित गाय हाताळल्याचं माहीत नव्हतं, आणि एकालाही काही झाल्याचं आठवत नव्हतं. एक जण तर अशा राज्यांत काम करत होता जिथे तोवर एकही बाधित कळप नोंदलेला नव्हता. म्हणजे कळपांची नोंद मागे होती, डॉक्टरचं रक्त पुढे होतं.

माऊची आई

वाचतेय. दोघांचंही लिखाण फार आवडलं. मांजरांबद्दल मला लिहायचंय, पण जरा वेळ काढून सविस्तर लिहिते.

रानपिंगळा

पक्षीनिरीक्षक आहे, डॉक्टर वगैरे नाही. पण "मांजराच्या मरणाकडे कुणीतरी पाहिलं" हे वाचून न्यूयॉर्कचे १९९९ सालचे कावळे आठवले.

त्या उन्हाळ्यात तिथे माणसांना मेंदूज्वर व्हायला लागला. क्वीन्समधल्या एका हॉस्पिटलच्या डॉक्टर डेबोरा अ‍ॅस्निस यांनी ऑगस्टच्या अखेरीस, दोनच रुग्ण पाहून, आरोग्य खात्याला फोन केला. सप्टेंबरच्या सुरुवातीला निदान जाहीर झालं: सेंट लुईस एन्सेफलायटिस, डासांतून पसरणारा रोग. त्याच सुमारास शहरात कावळे मरून पडत होते. त्याची फाइल वेगळी, खातं वेगळं.

ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या पशुविकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅक्नमारा कावळ्यांचं शवविच्छेदन करत होत्या. मेंदूत रक्तस्राव, हृदयाच्या स्नायूला सूज. मग संग्रहालयातलेच फ्लेमिंगो आणि पाणकावळे मेले. त्यांचा तर्क मला अजून थक्क करतो. सेंट लुईसच्या विषाणूनं पक्षी सहसा मरत नाहीत, तो त्यांच्या रक्तात मुक्कामाला असतो. म्हणून माणसांचं निदान चुकलं असावं. दुसरा संशयित होता घोड्यांचा एक मेंदूज्वर. पण त्या रोगानं इमू पटापट मरतात, आणि त्यांच्याकडचे इमू तर ठणठणीत होते. म्हणून तोही नाही. काय नाही हे त्यांनी पिंजऱ्यांसमोर उभं राहून ठरवलं. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही, नमुने या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत पाठवत राहिल्या, आणि सप्टेंबर संपता संपता कळलं की हा वेस्ट नाइल विषाणू आहे. पश्चिम गोलार्धात तो त्याआधी कधीच सापडलेला नव्हता. त्या वर्षी तिथे सात माणसं दगावली.

आज मेलेले कावळे कळवा असं आरोग्य खाती लोकांना सांगतात ते या घटनेनंतर.

आकडेमोड

धागा चांगला आहे, तरी एक मुद्दा मांडतो. पेशानं संख्याशास्त्रज्ञ आहे, म्हणून खटकतं.

वरच्या तिन्ही गोष्टी खऱ्या असतील, पण त्या यशाच्या म्हणून लक्षात राहिल्या आहेत. कावळे मेले आणि माणसांना काहीच झालं नाही असे प्रसंग किती? त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही. त्यामुळे "प्राण्यांकडे पाहा" हे पटलं तरी दोन प्रश्न उरतात. प्राण्यांच्या बाजूनं काही केल्यावर माणसांचा रोग खरंच कमी झाला, असं मोजून दाखवलेलं आहे का? आणि दुसरं म्हणजे, अशा बातम्यांनंतर लोक वटवाघळं जाळतात, पक्ष्यांची घरटी मोडतात. ती किंमत कुणी धरायची?

सूक्ष्मदर्शी

> प्राण्यांच्या बाजूनं काही केल्यावर माणसांचा रोग खरंच कमी झाला, असं मोजून दाखवलेलं आहे का?

आहे, आणि ते माझ्याच क्षेत्रातलं आहे.

कोलिस्टिन हे जुनं प्रतिजैविक. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून माणसांत मागे पडलेलं. पण बाकी सगळ्या औषधांना दाद न देणारे जंतू वाढले तसं आयसीयूमध्ये शेवटचा उपाय म्हणून ते परत आलं. तेच औषध डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढावं म्हणून टनांनी घातलं जात होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी एमसीआर-१ हे जनुक जाहीर केलं. ते जंतूच्या मुख्य गुणसूत्रात नसतं, प्लास्मिड नावाच्या सुट्या वर्तुळावर असतं, आणि एक जंतू दुसऱ्याला ते वर्तुळ देऊ शकतो. डुकराच्या आतड्यातल्या जंतूनं माणसाच्या आतड्यातल्या जंतूला शेवटच्या औषधाची तोड द्यावी, अशी सोय त्यात आहे. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये दुपारच्या सुट्टीत कुणी बोलत नव्हतं, हे मला स्पष्ट आठवतं.

चीननं २०१७ मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन घालणं बंद केलं. खाद्यातल्या कोलिस्टिनचं उत्पादन २०१५ साली २७ हजार टनांवर होतं, ते २०१८ साली अडीच हजार टनांवर आलं. डुकरांमध्ये या जनुकाचे जंतू झपाट्यानं घटले. आणि निरोगी माणसांत, ज्यांचा डुकरांशी थेट संबंध असेलच असं नाही, हे जंतू बाळगणाऱ्यांचं प्रमाण २०१६ मधल्या सुमारे १४ टक्क्यांवरून २०१९ मध्ये सुमारे ६ टक्क्यांवर आलं. खाद्याच्या पोत्यातला एक घटक काढला आणि माणसांच्या आतड्यात फरक पडला. एकट्या हॉस्पिटलांनी कितीही हात धुतले असते तरी हे झालं नसतं.

वटवाघळांचा मुद्दा बरोबर आहे. त्यावर माझ्यापेक्षा रानपिंगळा नीट लिहितील.

रानपिंगळा

लिहितो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

युगांडातल्या किटाका खाणीत २००७ साली खाणकामगारांना मारबर्ग हा जीवघेणा विषाणूजन्य ताप झाला. खाणीतल्या फळखाऊ वटवाघळांत तो विषाणू होता. नंतर खाणवाल्यांनी वटवाघळं मारून, तोंडं बंद करून खाण रिकामी केली. काही वर्षांनी वटवाघळं परत आली, संख्येनं पूर्वीपेक्षा खूपच कमी. २०१२ मध्ये तपासलं तेव्हा लागण झालेल्यांचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेलेलं होतं. त्याच वर्षी जवळच्या भागात माणसांमध्ये पुन्हा मारबर्गची साथ आली. संशोधकांचा अंदाज असा की रिकाम्या जागेत बाहेरून नवी, कधीही लागण न झालेली वटवाघळं आली आणि विषाणूला ताजं रान मिळालं. पेरूमध्ये रेबीज पसरवणाऱ्या रक्तपिपासू वटवाघळांबद्दलचा २०२३ चा अभ्यासही असाच आहे. साथ येण्याआधी संख्या कमी केली तर रेबीजचा प्रसार काहीसा रोखला जातो. साथ आल्यावर मारत सुटलं तर उपयोग नाही, उलट प्रसार वाढू शकतो.

मग करायचं काय? माझ्या वाचनात आलेलं सगळ्यात सुंदर उत्तर ऑस्ट्रेलियातलं आहे. तिथे हेंड्रा विषाणू वटवाघळांतून घोड्यांत आणि घोड्यांतून माणसांत जातो. संशोधकांनी १९९६ ते २०२० अशी पंचवीस वर्षांची नोंद तपासली. वटवाघळं कुठे राहिली, हवामान कसं होतं, कुठली जंगलं तुटली, निलगिरीची झाडं कधी फुलली, सगळं. २०२२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. हिवाळ्यात फुलणारी झाडं तोडली गेली तशी वटवाघळं उपाशी पडली, लहान लहान थव्यांत फुटली आणि घोड्यांच्या कुरणांतल्या झाडांवर येऊन राहिली. उपाशी, ताणाखालचं वटवाघूळ विषाणू जास्त सोडतं. पण ज्या हिवाळ्यांत उरलेल्या जंगलात मोठा बहर आला, त्या हिवाळ्यांत वटवाघळं कुरणं सोडून बहराकडे गेली आणि घोड्यांत एकही लागण झाली नाही.

एका झाडाचा फुलोरा हा सार्वजनिक आरोग्याचा भाग आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा समजून घेतलं.

कडबा

हेंड्राचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगतोच. या रोगाची लागण आजवर सात माणसांना झाली, चार गेली. चारांपैकी दोघे पशुवैद्य होते. आजारी घोड्याला तपासता तपासता गेले. २०१२ मध्ये घोड्यांसाठी लस आली. लस घोड्याला टोचायची आणि जीव वाचतो घोड्याचाही, डॉक्टरचाही. २००९ नंतर माणसांत एकही लागण नोंदलेली नाही. त्यात हातमोजे, मास्क, पोशाख यांचा वाटा आहे, लसीचाही आहे. किती कुणाचा हे आकडेमोड सांगतील.

बीसीजी लस सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातला बी बॅसिलसचा, सी काल्मेट यांचा, जी गेरँ यांचा. काल्मेट माणसांचे डॉक्टर, गेरँ पशुवैद्य. गाईच्या क्षयाचा जंतू घेऊन दोघांनी तेरा वर्षं २३० वेळा एका माध्यमातून दुसऱ्यात लावला, तो सौम्य होईपर्यंत. १९२१ मध्ये पहिल्या बाळाला ती लस दिली. एका टेबलावर दोघे बसले होते म्हणून ते झालं. पुढे आम्ही वेगवेगळ्या इमारतींत का गेलो, मला खरंच कळत नाही.

माऊची आई

आता वेळ मिळाला.

माझं मांजर दीड वर्षाचं होतं तेव्हा त्याचं पोट फुगायला लागलं. खायचं नाही, ताप उतरायचा नाही. डॉक्टरांनी पोटातलं पाणी सिरिंजमध्ये काढून उजेडात धरलं. मधासारखं पिवळं आणि चिकट, सुईच्या टोकाला तार धरत होतं. ते बघूनच डॉक्टर गप्प झाले. एफआयपी. मांजरांच्या साध्या करोनाविषाणूत शरीरातच बदल होतो आणि तो घातक होतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे निदान म्हणजे निरोप होता.

आमचं मांजर वाचलं ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनामुळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या नील्स पेडर्सन यांनी जीएस-४४१५२४ हे औषध नैसर्गिकपणे एफआयपी झालेल्या ३१ मांजरांना दिलं, किमान बारा आठवडे. त्यातली २५ दीर्घकाळ जगली. आमच्याकडेही तेच, ८४ दिवस, रोज ठरलेल्या वेळी. पाचव्या दिवशी ते उठून स्वतः पाणी प्यायलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडले.

पुढच्याच वर्षी करोनाची महासाथ आली आणि रेमडेसिव्हिर हे नाव घराघरांत पोहोचलं. जीएस-४४१५२४ हा रेमडेसिव्हिरचा मूळ रेणूच, शरीरात गेल्यावर रेमडेसिव्हिरपासून हा तयार होतो. म्हणजे माणसाला करोनाविषाणूवर या घराण्यातलं औषध द्यावं का, हा प्रश्न पडला तेव्हा मांजरांनी त्याचा अनुभव आधीच दिलेला होता.

उलटंही झालं. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये मांजरांत एफआयपीची मोठी साथ आली. मांजराच्या आणि कुत्र्याच्या करोनाविषाणूंची सरमिसळ होऊन तयार झालेला हा नवा प्रकार एका मांजरातून दुसऱ्यात थेट जात होता. तेव्हा तिथल्या सरकारनं माणसांच्या कोविडसाठी आणलेल्या गोळ्यांचा उरलेला साठा मांजरांसाठी खुला केला. ती बातमी मी चार वेळा वाचली.

म्हणून मला वाटतं, या धाग्यात फक्त "प्राण्यांकडून आपल्याला काय होईल" एवढंच येऊ नये. औषध दोन्हीकडे जातं. दुखणं त्यांचंही असतं.

उत्तररात्र

रात्रपाळी संपवून लिहितोय, आयसीयूमध्ये आहे. माऊची आई, तुमचं शेवटचं वाक्य बरोबर घेऊन घरी चाललोय.

डुकराच्या हृदयाचं प्रत्यारोपण सगळ्यांनी वाचलं असेल. जानेवारी २०२२, मेरिलँड विद्यापीठ, डेव्हिड बेनेट, वय ५७. हृदय देणाऱ्या डुकरात दहा जनुकीय बदल केलेले होते. रुग्ण दोन महिने जगला. त्या दोन महिन्यांत एक गोष्ट घडली जिची चर्चा बाहेर कमी झाली. रक्तात डुकराच्या सायटोमेगॅलो विषाणूचा अंश सापडला. आधी अगदी थोडा, मग वाढत गेला. ज्या डुकराचं हृदय होतं त्याची नाकातल्या स्वॅबवर तपासणी झाली होती, ती निगेटिव्ह होती. हा विषाणू नागिणीच्या घराण्यातला. शरीरात खोल दडून बसतो, नाकात असेलच असं नाही.

आणि हा धोका आधीच माहीत होता. जर्मनीतल्या संशोधकांनी बबून माकडांना डुकराची हृदयं बसवली होती. हा विषाणू असलेल्या हृदयांवर माकडं महिनाभरही जगली नाहीत, विषाणू नसलेल्यांवर कितीतरी महिने जगली. पिल्लांना आईपासून खूप लवकर वेगळं केलं तर लागण टाळता येते, हेही डुकरांच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक होतं. मृत्यूचं कारण एकट्या विषाणूवर टाकता येत नाही, रुग्ण मुळातच फार खालावलेला होता. पण प्रत्यारोपण करणाऱ्या शल्यविशारदाला आता डुकराच्या पिल्लांचं संगोपन शिकावं लागतं आहे. त्यानंतरच्या रुग्णांसाठी तपासण्या कडक झाल्या. २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये बसवलेलं डुकराचं मूत्रपिंड एका रुग्णात २७१ दिवस चाललं.

सूक्ष्मदर्शी, माझाही कबुलीजबाब देतो. तुमच्या त्या पाच डॉक्टरांपैकी मी असू शकलो असतो. मी प्रवास विचारतो. जनावरांचं विचारत नाही. विद्यार्थी असताना शिकलो होतो, गर्दीत राहून गेलं.

आकडेमोड

कोलिस्टिनचं उदाहरण मान्य. आधी-नंतरची तुलना आहे, तरी मानवी नमुना हजारोंचा आहे आणि दिशा सगळीकडे एकच आहे. माझा पहिला आक्षेप मी मागे घेतो.

आता मीच दोन अभ्यास देतो, कारण काल रात्रभर हेच वाचत होतो. २०२४ मध्ये अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक यांचा अमेरिकेतल्या वटवाघळांवरचा शोधनिबंध आला. तिथे २००६ पासून एका बुरशीनं वटवाघळं मरत आहेत, नाकावर पांढरी बुरशी येते. हा रोग माणसाला होत नाही. पण तो एकेका जिल्ह्यात वेगवेगळ्या वर्षी पोहोचला, त्यामुळे निसर्गानंच प्रयोग मांडून दिल्यासारखं झालं. जिथे वटवाघळं गेली तिथे कीटक खाणारं कुणी उरलं नाही आणि शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला. त्याच जिल्ह्यांत अर्भकमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. अपघाती मृत्यू यात धरलेले नाहीत. मी त्यांची पद्धत खोड्या काढायच्या हिशेबानंच वाचली. बुरशी येण्याआधीच्या वर्षांत दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांत फरक दिसत नाही, ती आल्यावरच दिसतो.

दुसरा अभ्यास गिधाडांचा, फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा, भारतातला. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांत जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ मध्येच सिद्ध झालं होतं. नव्या अभ्यासानं पुढचं मोजलं. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती त्या जिल्ह्यांत, ती गेल्यावर, माणसांचे मृत्यू ४ टक्क्यांहून अधिक वाढले. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू. कुजणारी जनावरं, दूषित पाणी, वाढलेली कुत्री. माणसाचं वेदनाशामक, गुरांना दिलेलं, पक्ष्यांना विष झालेलं, आणि शेवटी माणसापर्यंत परत आलेलं.

मी पहिल्या प्रतिसादात प्राण्यांची किंमत कोण धरणार असं विचारलं होतं. ती धरता येते आणि ती आपणच मोजतो, हे या दोन निबंधांनी मला आकड्यांत दाखवलं.

रानपिंगळा

आकडेमोड, गिधाडांचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न मारणारा पर्याय आहे, एवढं तरी इथे नोंदवून ठेवतो.

माऊची आई

एडिंबरा विद्यापीठाचं २०२५ चं एक काम जाता जाता. म्हाताऱ्या मांजरांना विस्मरण होतं, रात्री ओरडत फिरतात. अशा मांजरांसह एकूण २५ मांजरांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. अल्झायमरमध्ये माणसाच्या मेंदूत साठणारं तेच अमायलॉइड प्रथिन चेतापेशींच्या सांध्यांवर साठलेलं दिसलं. उंदरांत हा रोग मुद्दाम तयार करावा लागतो, मांजरांना आपोआप होतो. त्यांच्या म्हातारपणाची काळजी घेता घेता आपल्या म्हातारपणाचं काही कळेल.

उत्तररात्र

कडबा डॉक्टर, एक सरळ प्रश्न. कारण न कळणारा ताप घेऊन माणूस समोर आला, तर मी नेमकं काय विचारू? "घरात पाळीव प्राणी आहे का" विचारलं तर माणसं नाही म्हणतात. गाय त्यांच्या लेखी पाळीव प्राणी नसते.

कडबा

अगदी बरोबर पकडलंत. "पाळीव प्राणी" म्हटलं की कुत्रं-मांजर. "जनावरांत काम असतं का" असं विचारा. मग हात कुठे लागला ते विचारा. वार, गाभडलेलं वासरू, व्यायलेली शेळी, कच्चं दूध, कापलेलं जनावर, मेलेला पक्षी. काळही विचारा, आणि नुसता कालपरवाचा नको. ब्रुसेला दोन-चार आठवडेच काय, कधी कधी महिन्यांनी डोकं वर काढतो. शेवटचं, फार महत्त्वाचं: "तुमची जनावरं आजारी आहेत का, मेलीत का?" माणूस स्वतःचा ताप सांगायला आलेला असतो, गाईचं दुखणं त्याला इथे सांगायचं नसतं असं वाटतं.

आणि माझा फोन नंबर तुमच्या वॉर्डात लावून ठेवा. व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

सूक्ष्मदर्शी

हे वाचून आज एक काम केलं. फॉर्म बदलायचा तर समिती, मंजुरी, नवी छपाई. अर्ज दिलाय, वेळ लागेल. तोवर एक रबरी शिक्का करून घेतला. रक्ताच्या कल्चरचा फॉर्म वॉर्डात जायच्या आधी मागच्या बाजूला मारायचा. शाई निळी. मजकूर असा:

"जनावरांत काम? वार / गाभडलेलं वासरू / कच्चं दूध / मेलेला पक्षी यांना गेल्या सहा महिन्यांत हात लागला? जनावर आजारी आहे?"

मॅडमनी पहिले पन्नास फॉर्म स्वतः शिक्के मारून दिले.

कडबा

कच्च्या दुधाला हात लागत नाही ताई, ते पितात. तिथे "प्यायलं" वेगळं लिहा, नाहीतर लोक नाही म्हणतील. आणि "जनावर आजारी आहे?" याच्यापुढे "किंवा मेलं?" घाला.

सूक्ष्मदर्शी

बरोबर. दुसरा शिक्का सोमवारी करून आणते.